मुलामागे वर्षाला चाळीस रुपये : शाळेच्या ग्रंथालयातले कार्यक्रम आणि त्यांचा खर्च

काही वर्षांपूर्वीचा १५ ऑक्टोबर मला अजून आठवतो. वाचन प्रेरणा दिन होता. शाळेच्या सभागृहात डॉ. कलामांचा सुंदर फ्लेक्स लावला होता. पाहुणे वाचनाचं महत्त्व चाळीस मिनिटं सांगून गेले. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, चहा, नाश्ता सगळं यथासांग झालं. कार्यक्रम संपल्यावर आठवीतली एक मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, आज पुस्तक मिळेल का?" मी कपाटाकडे गेले. कपाटाला कुलूप होतं आणि चावी ज्यांच्याकडे असायची ते रजेवर होते.

त्या दिवसाचं बिल मी नंतर मुद्दाम काढून पाहिलं. फ्लेक्सचे ३६०, सत्काराचे ७००, चहा-नाश्त्याचे ५००, म्हणजे एकूण १,५६० रुपये. एवढ्यात शंभर रुपयांची पंधरा पुस्तकं आली असती. त्या दिवशी मुलांच्या हातात मात्र एकही पुस्तक पडलं नाही.

तेव्हापासून ग्रंथालयाच्या प्रत्येक खर्चाला मी एकच कसोटी लावते : या पैशामुळे किती पुस्तकं मुलांच्या हातात गेली? खालचा सगळा हिशेब याच कसोटीवर मांडला आहे. तालुक्याच्या ठिकाणची पाचवी ते दहावीची शाळा, बारा तुकड्या, सुमारे ६०० मुलं आणि पाच-सहा कपाटं भरतील एवढी पुस्तकं गृहीत धरली आहेत. दर अंदाजे आहेत. मोठ्या शहरात ते थोडे चढे असतील, खेड्यात काही वस्तू फुकटही मिळतील. आपल्या गावचे दर घालून हिशेब पुन्हा करून पाहावा.

जून-जुलै : खिशांचे पडदे (खर्च ३,६०० रुपये, त्यातले ३,००० पहिल्याच वर्षी)

ग्रंथालयाचा तास आठवड्यातून एकदा येतो आणि तोही बऱ्याचदा गणिताच्या जादा तासाला जातो. म्हणून पुस्तकांनीच वर्गात जायला हवं. प्लास्टिकच्या झाकणाच्या पेट्या घ्यायच्या तर एकेक ३५० ते ५०० रुपयांना पडते, शिवाय पेटीत पुस्तकं एकावर एक पडून राहतात आणि तळातली कोणी काढत नाही. त्यापेक्षा खिशांचा पडदा चांगला.

तो असा शिवून घ्यावा. अडीच मीटर मांजरपाट आणावा, मीटरला ६५ रुपये धरले तर साधारण १६० रुपये होतात. दीड मीटरचा पडदा आणि उरलेल्या मीटरभर कापडाच्या सात इंची पाच पट्ट्या काढाव्यात. प्रत्येक पट्टी आडवी शिवून तिचे चार खिसे पाडले की वीस खिसे होतात. वरच्या बाजूला काठी घालायला नेफा ठेवावा. शिलाईचे ९० रुपये धरावेत. घरी शिवणकाम करणारी एखादी विद्यार्थ्याची आई हे काम आनंदाने करते, पण तिची मजुरी तिला दिलीच पाहिजे. एक पडदा २५० रुपयांत होतो, बारा तुकड्यांचे ३,००० रुपये. देवघेवीसाठी प्रत्येक वर्गाला एक जाड वही, पन्नास रुपयांप्रमाणे आणखी ६००.

एका खिशात दोन पातळ पुस्तकं राहतात. म्हणजे फळ्याशेजारी चाळीस पुस्तकं मुखपृष्ठं दाखवत उभी असतात आणि मूल मुखपृष्ठ बघूनच पुस्तक उचलतं. महिन्याला पडद्यांची अदलाबदल करावी, पाचवी अ चा पडदा पाचवी ब कडे जावा. नवं पुस्तक न घेताही मुलांना दर महिन्याला नवी पुस्तकं मिळतात. वही सांभाळायला वर्गातलीच दोन मुलं नेमावीत. ती हे काम किती मनापासून करतात, ते एकदा पाहाच.

१२ ऑगस्ट : पुस्तकांचा दवाखाना (खर्च १,००० रुपये)

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा हा जन्मदिवस, आपल्याकडे तो ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. १९३१ मध्ये त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांचा सगळा रोख पुस्तक वापरात राहावं याकडे आहे. त्या दिवशी फोटोला हार घालावाच, पण उरलेला वेळ फाटकी पुस्तकं दुरुस्त करण्यात घालवावा.

बाइंडरकडे एका पुस्तकाला साधारण ८० रुपये पडतात, शंभर पुस्तकांचे ८,००० होतील. आठवी-नववीच्या मुलांनी तेच काम केलं तर लागणारं सामान असं : एक किलो फेविकॉल २८०, दोन मीटर बाइंडिंगचं कापड २००, दहा पुठ्ठे २००, ब्राऊन पेपर १५०, सुई, जाड दोरा आणि ब्रश १२०. बेरीज ९५०, हजार धरा. अगदी खिळखिळी झालेली आणि मोलाची दहा-बारा पुस्तकं तेवढी बाइंडरकडे द्यावीत.

आधी तीन ढीग करावेत : सुटी पानं, उसवलेली शिवण आणि फाटलेली कव्हरं. सुट्या पानाच्या आतल्या कडेला डिंकाचा अगदी बारीक हात द्यावा, पान शिवणीपर्यंत नीट आत सारावं, शेजारी बटर पेपर ठेवावा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीट रात्रभर पुस्तकावर ठेवून द्यावी. दोन गोष्टी टाळाव्यात. सेलोटेप कधीही लावू नये. तिचा चिकट थर वर्षा-दोन वर्षांत पिवळा पडतो आणि कागद खराब करतो. दुसरं म्हणजे जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी असतं, मुलांच्या हातात देऊ नये.

स्वतः शिवलेलं पुस्तक मूल वाचल्याशिवाय ठेवत नाही, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे.

१५ ऑक्टोबर : वाचन प्रेरणा दिन (खर्च ३०० रुपये)

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९३१ चा. महाराष्ट्रात हा दिवस २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. या दिवशी एवढंच करावं की सगळ्या शाळेने एकाच वेळी तासभर वाचावं. मुख्याध्यापकांनी, शिक्षकांनी, कार्यालयातल्या मंडळींनी आणि शिपाईमामांनीसुद्धा. घंटा झाली की ज्याच्या हातात जे पुस्तक असेल ते उघडायचं. खर्च फक्त कार्डशीट आणि स्केचपेनांचा. वाचून झाल्यावर प्रत्येकाने पुस्तकाचं नाव आणि आवडलेल्या गोष्टीबद्दल एक ओळ कार्डावर लिहून व्हरांड्यातल्या दोरीवर लावायची.

पाहुणे बोलवायचेच असतील तर शालीऐवजी पुस्तक द्यावं आणि त्यांना भाषणाऐवजी दहा मिनिटं मुलांना काहीतरी वाचून दाखवायची विनंती करावी. दिवाळीची सुट्टी किंवा सत्र परीक्षा आडवी येत असेल तर कार्यक्रम आठवडाभर आधी घ्यावा.

दिवाळीनंतर : पुस्तक प्रदर्शन (खर्च २,००० रुपये, उत्पन्नही होतं)

विक्रेता पुस्तकं स्वतः आणतो, विक्री स्वतः करतो आणि न खपलेली परत नेतो. शाळेने जागा आणि टेबलं द्यायची. टेबलं कमी पडली तर मंडपवाल्याला ५०० रुपयांपर्यंत द्यावे लागतात. प्रदर्शन ठरवताना सूट किती, हे आधीच बोलून घ्यावं. दहा टक्के सहज मिळते, पंधरा-वीससाठी विचारावं. शाळेचा वाटा रोख न घेता पुस्तकांच्या रूपात मागावा. विक्री २०,००० रुपयांची झाली आणि वाटा १५ टक्के ठरला असेल तर ३,००० रुपयांची पुस्तकं कपाटात येतात. बिलाकडे लक्ष असू द्या. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, तो लावलेला दिसला तर विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्या मुलाच्या खिशात पैसे नाहीत, त्याला प्रदर्शनाच्या दिवशी शाळा नकोशी होते. म्हणून पन्नास रुपयांची तीस कूपनं छापून घ्यावीत, १,५०० रुपयांची. वर्गशिक्षकांनी ती अशा मुलांना आदल्या दिवशी, कोणाला कळू न देता द्यावीत. सोळा-चोवीस पानांची चित्रमय गोष्टीची पुस्तकं ४० ते ७० रुपयांत येतात. त्यामुळे नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स आणि ज्योत्स्ना प्रकाशन यांची स्वस्त बालपुस्तकं आणायला विक्रेत्याला आवर्जून सांगावं. शेजारी एक अदलाबदलीचं टेबलही मांडावं. घरून एक वाचलेलं पुस्तक आणायचं आणि दुसरं न्यायचं, त्याला पैसे लागत नाहीत.

२४ डिसेंबर : अभिवाचन (खर्च २०० रुपये)

साने गुरुजींची जयंती. त्यांचा जन्म १८९९ चा, 'श्यामची आई' १९३५ मध्ये पुस्तकरूपाने आली. गुरुजी १९५० मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे त्यांचं सगळं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. त्याच्या प्रती काढायला आता कोणाची परवानगी लागत नाही. दोनशे रुपयांत पाच-सहा मुलांसाठी उताऱ्यांच्या झेरॉक्स निघतात.

ज्यांचा हक्क चालू आहे, अशा लेखकांचं काय? उदाहरणार्थ, कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या साहित्यावरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी आणि शिक्षकांनी एखादी साहित्यकृती सादर केली आणि प्रेक्षक फक्त शाळेतली मंडळी आणि पालक असतील, तर त्यासाठी शुल्क भरावं लागत नाही. तिकीट लावलं किंवा गावाला खुलं केलं, तर मात्र परवानगी काढावी.

माइक भाड्याने आणू नये. त्याचे हजार-दीड हजार जातात आणि मुलं आवाज टाकून वाचायला शिकत नाहीत. एका वेळी दोनच वर्ग बसवावेत, आवाज पुरतो.

जानेवारी : लेखकाची भेट (खर्च ४,५०० रुपये)

वर्षातला हा सगळ्यात महाग कार्यक्रम, आणि नीट केला नाही तर सगळ्यात वाया जाणाराही. मानधन आणि प्रवासखर्च मिळून ३,००० रुपये धरले आहेत. जवळपासचे लेखक शाळेसाठी एवढ्यात येतात, काही जण मानधन नाकारतात. तरीही पाकीट तयार ठेवावं. लिहिणं हे काम आहे आणि कामाचे पैसे असतात, हेही मुलांना दिसलं पाहिजे.

उरलेले १,५०० रुपये त्या लेखकाच्या पुस्तकाच्या दहा प्रतींचे. भेटीच्या महिनाभर आधी त्या प्रती वर्गांतून फिरायला हव्यात. पुस्तक न वाचता बसलेली मुलं "आपण कधीपासून लिहिता?" एवढंच विचारतात. ज्यांनी वाचलेलं असतं ती मुलं "तुम्ही त्या कुत्र्याला का मारलंत?" असं विचारतात, आणि मग लेखकही खुर्चीतून पुढे सरकतो.

पैसे नसतील तर १४ ते २८ जानेवारीच्या मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात गावातलीच माणसं बोलवा : वार्ताहर, कीर्तनकार, छापखानावाले, भरपूर वाचणारा एसटीचा कंडक्टर. याच पंधरवड्यात मुलांना आजी-आजोबांकडून शेतीचे, स्वयंपाकाचे, अवजारांचे जुने शब्द लिहून आणायला सांगावं. जुन्या वह्यांची कोरी पानं त्याला पुरतात.

२७ फेब्रुवारी : हस्तलिखित (खर्च १,२०० रुपये)

कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. हस्तलिखित अंक ही आपल्या शाळांची जुनी परंपरा आहे. छापील वार्षिकात सातशे शब्दांचं संपादकीय आणि सत्काराचे फोटो असतात. हस्तलिखितात मुलांचं अक्षर असतं. ड्रॉइंग पेपरचे चाळीस ताव ४००, बांधणी १५० आणि चाळीस पानांच्या दहा प्रतींची झेरॉक्स दीड रुपयाप्रमाणे ६००, मिळून १,१५०. मूळ प्रत ग्रंथालयात दाखल नोंदवहीत क्रमांक देऊन ठेवावी. दहा प्रती वर्गांच्या पडद्यांत जाव्यात.

एप्रिल : सुट्टीची पुस्तकं (खर्च १,२०० रुपये)

२३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन परीक्षेच्या गडबडीत येतो. त्या दिवशी कार्यक्रम घेण्यापेक्षा सुट्टी लागताना प्रत्येक मुलाला दोन पुस्तकं घरी द्यावीत. सहाशे मुलं, बाराशे पुस्तकं. कपाटं रिकामी दिसली तर वर्ष चांगलं गेलं असं समजावं.

यातली काही परत येणार नाहीत, आणि नेमक्या याच भीतीपोटी कुलपं लागतात. पुस्तक हरवलं तर आपल्या पगारातून कापतील, असं ग्रंथपालाला वाटत राहतं. केंद्र सरकारचे २०१७ चे सर्वसाधारण वित्तीय नियम सांगतात की अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसेल तर दर हजार देवघेवींमागे पाच पुस्तकं गहाळ होणं वाजवी मानावं. हे नियम आपल्या खासगी अनुदानित शाळांना थेट लागू नसले तरी शालेय समितीपुढे दाखवायला भक्कम आधार आहेत. मी मात्र त्याहून सढळपणे बाराशेमागे पंधरा पुस्तकं धरते, ८० रुपयांप्रमाणे १,२००. समितीचा तसा ठराव जूनमध्येच करून घ्यावा. ठराव झाला की चावी सुटते.

वर्षाचा ताळा

- खिशांचे पडदे आणि वह्या : ३,६००
- पुस्तक दुरुस्ती : १,०००
- वाचन प्रेरणा दिन : ३००
- पुस्तक प्रदर्शन : २,०००
- अभिवाचन : २००
- लेखकाची भेट : ४,५००
- हस्तलिखित : १,२००
- सुट्टीतल्या गहाळ पुस्तकांची तरतूद : १,२००
- नवी पुस्तकं (सरासरी १०० रुपयांची शंभर) : १०,०००

एकूण २४,००० रुपये. सहाशे मुलांना भागलं तर मुलामागे वर्षाला ४० रुपये. दुसऱ्या वर्षी पडद्यांचे ३,००० वजा होतात, मग ३५ रुपये.

हातात तीनच हजार असतील तर दुरुस्ती, वाचन प्रेरणा दिन, अभिवाचन आणि हस्तलिखित हे चार कार्यक्रम २,७०० रुपयांत होतात. पडद्यांऐवजी पहिल्या वर्षी घरच्या जुन्या चादरी वापरा. काहीच नसेल तर मुलांना चालत तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात न्या. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे राज्यभर हजारो अनुदानित वाचनालयं उभी आहेत, आणि शाळेची रांग दारात आलेली पाहून त्यांना आनंदच होतो. सहलीसाठी पैसे जमले तर सातारा जिल्ह्यातलं भिलार हे २०१७ पासूनचं पुस्तकांचं गाव आहे. शालेय सहलीला एसटी भाड्यात निम्मी सवलत देते, त्यासाठी मुख्याध्यापकांच्या पत्रासह आगारात आधी अर्ज करावा.

पैसे कुठून आणायचे

सरकारी शाळांना समग्र शिक्षा अभियानातून ग्रंथालयासाठी इयत्तांप्रमाणे वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. ते मंजूर झालं का आणि कशावर खर्च झालं, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारता येतं. अनुदानित शाळांत वेतनेतर अनुदान आणि सत्र शुल्कातून तरतूद करता येते. शिवाय माजी विद्यार्थी आहेत, ग्रामपंचायत आहे. वाढदिवसाला चॉकलेटांऐवजी एक पुस्तक, ही प्रथाही चांगली, मात्र सक्ती कधीही नको. पुस्तकं दान घेताना हवी असलेली यादी हातात द्यावी, नाहीतर जुनी गाइडं आणि कालबाह्य पाठ्यपुस्तकं येऊन पडतात.

फुकट मिळणारंही पुष्कळ आहे. बालभारती १९७१ पासून 'किशोर' मासिक काढते. त्याचे जुने अंक तिच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची ई-पुस्तकं आणि मराठी विश्वकोशही खुला आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टी छापायलाही परवानगी आहे. पण छापण्याआधी हिशेब करा. सोळा पानांची रंगीत प्रत दहा रुपये पानाने १६० रुपयांना पडते, तसंच छापील पुस्तक त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. स्क्रीनवर दाखवायला ई-पुस्तक घ्या आणि हातात द्यायला छापील.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावं, असं २००९ पासून लिहिलेलं आहे. पालकांनी या जूनमधल्या पहिल्या सभेत तीन प्रश्न जरूर विचारावेत : ग्रंथालयाची चावी कोणाकडे असते? गेल्या वर्षी किती पुस्तकं मुलांच्या घरी गेली? आणि यंदा मुलामागे किती रुपये ठेवले आहेत? उत्तर चाळीसपेक्षा कमी आलं तर हा हिशेब मुख्याध्यापकांच्या हाती द्या आणि पडदे शिवायला स्वतः पुढे व्हा.